बदली तिचीच का झाली?

मागच्या अंकात क्लिंटन-लुइन्स्की प्रकरणावर, म्हणजे अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली इंटर्न मोनिका लुइन्स्की यांच्या संबंधांवर, मी जाताजाता दोनच ओळी लिहिल्या होत्या, की १९९८ साली आपण सगळे ज्याच्यावर हसलो त्याच्याकडे आता पुन्हा एकदा बघायला हवं. त्यावर एवढी पत्रं आलीत की सासू-सून आणि फ्लॅटच्या पार्किंगचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. बँकेतून रिटायर झालोय, वय ६३. या विषयावर जेवताना लेकीशी वाद झाला आणि ती ताट उचलून आत निघून गेली. माझं म्हणणं एवढंच होतं की ती मोनिका काय कुक्कुलं बाळ होती का? बावीस वर्षांची, शिकलेली, स्वतःहून मागे लागलेली. संमती होती असं तिनंच सांगितलंय ना? मग आता इतक्या वर्षांनी त्या माणसाला व्हिलन का करायचं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दादा, संमतीचं तुम्ही म्हणता ते खरंय, २०१४ साली तिनं स्वतः तसं लिहिलं. पण त्याच लेखात बॉसनं माझा फायदा घेतला असंही लिहिलं होतं, ते वाक्य वादात कोणी आणत नाही. पुढे २०१८ साली, चव्वेचाळीसाव्या वर्षी, तिनं लिहिलं की संमती या शब्दाचा मी आता नव्यानं विचार करतेय आणि तो सत्तेचा गैरवापर होता असं मला वाटायला लागलंय. लगेच लोक म्हणाले, बघा, शब्द फिरवला. अहो, विशीत आपण काय म्हणत होतो ते आपल्याला आज पटतं का सगळं?

पण संमती होती की नव्हती यावर तुम्ही बापलेक वर्षभर भांडलात तरी हाती काही लागायचं नाही. तुम्ही बँकेत होता ना, मग तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते, बदलीच्या. जुलै १९९५ ला ती व्हाइट हाउसमध्ये बिनपगारी इंटर्न म्हणून लागली. नोव्हेंबरमध्ये बजेटच्या भांडणात अमेरिकन सरकारचं कामकाज बंद पडलं, पगारी स्टाफ घरी आणि ऑफिसं चालवायला ही इंटर्न पोरं, आणि त्याच आठवड्यात हे सुरू झालं. एका संध्याकाळी ती क्लिंटनसाठी पिझ्झा घेऊन आत गेली होती, तोही तपशील पुढच्या चौकशीच्या रिपोर्टात आहे. तो ४९ चा, ती २२ ची. पुढे एप्रिल १९९६ ला वरच्या लोकांना खटकायला लागलं की ही पोरगी ओव्हल ऑफिसच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या केबिनच्या, आसपास फार दिसते, मग काय केलं? तिची बदली पेंटॅगॉनला, संरक्षण खात्यात. निवडणूक झाली की परत आणतो असं त्यानं सांगितलं होतं, हे तिनं जबानीत सांगितलंय. ती कॅलेंडरवर दिवस मोजत बसली आणि तो नोव्हेंबरमध्ये परत निवडून आला, पण तिला काही परत आणलं नाही.

आता तुमच्या नोकरीत आठवून बघा. ब्रँच मॅनेजर आणि कॅशमधली नवी मुलगी यांच्याबद्दल कुजबुज सुरू झाली की ऑर्डर कोणाची निघायची? आणि मॅनेजरबद्दल लोक काय म्हणायचे, साहेब रंगेल आहेत बुवा, हो ना? तेही हसून.

शिवाय ती बदली झाली नसती तर पेंटॅगॉनमध्ये तिला लिंडा ट्रिप भेटलीच नसती. मैत्रीण समजून जिच्याकडे मन मोकळं केलं तिनं सगळे फोन टेप केले आणि त्या टेप क्लिंटनची चौकशी करणाऱ्या सरकारी वकिलाकडे, केनेथ स्टारकडे गेल्या. १६ जानेवारी १९९८ ला ट्रिपनंच तिला पेंटॅगॉन सिटीच्या मॉलमध्ये जेवायला बोलावलं, तिथं एफबीआयची माणसं उभी. वर हॉटेलच्या खोलीत नेऊन तासन् तास बसवलं, कोर्टाला खोटं सांगितलंस, सत्तावीस वर्षं आत जाशील असं सांगितलं, फोनवर लोकांना बोलतं कर, आम्ही रेकॉर्ड करतो म्हणाले, आणि ती आईला फोन करू द्या म्हणून रडत होती. आईला विमानाची भीती, ती न्यूयॉर्कहून ट्रेननं आली. एवढा वेळ ही पोरगी त्या माणसांमध्ये एकटी. दादा, हे तुम्ही लेकीला वाचून दाखवा, पण ताट वाढायच्या आधी.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. मी-टूच्या वेळी हे सगळं पहिल्यांदा नीट वाचलं आणि धक्काच बसला, अमेरिकेतल्या स्त्रीवादी बायका तेव्हा क्लिंटनच्या बाजूनं कशा काय उभ्या राहिल्या? (पुणे)

उत्तर : कारण तो 'आपला' होता गं, दुसरं काय. त्यानं नोकरदारांना बाळंतपणासाठी आणि आजारपणासाठी बिनपगारी का होईना पण हक्काची रजा देणाऱ्या कायद्यावर सही केली होती १९९३ मध्ये, बायकांच्या हक्कांसाठी लढलेल्या रूथ बेडर गिन्सबर्गना सुप्रीम कोर्टात न्यायाधीश नेमलं होतं, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं व्हेटो वापरला होता. समोरच्या पार्टीवाले तर हे हक्कच काढून घ्यायला बसलेले. मग ग्लोरिया स्टायनेम या नावाजलेल्या स्त्रीवादी बाईनं मार्च १९९८ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, त्याचा रोख असा की तक्रार करणाऱ्या बायकांनी नाही म्हटल्यावर तो थांबला ना, मग झालं. लोक चिडवायला त्याला 'एकदा हात लावला तर चालतं' असा नियम म्हणायला लागले. बऱ्याच वर्षांनी तिनंही मान्य केलं की आज मी हे असं लिहिणार नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पॉला जोन्सच्या बाबतीत. ती अर्कान्सामधली साधी सरकारी क्लार्क. मे १९९१ ला क्लिंटन तिथला गव्हर्नर असताना त्यानं लिटल रॉकच्या हॉटेलात खोलीवर बोलावून घाणेरडी मागणी केली असा तिचा आरोप होता, तिनं कोर्टात केस केली, त्यानं कायम नाकारलं. पण तिचं म्हणणं ऐकायच्या आधीच तिचं नाक, तिचे केस, तिचा गावंढळ हेल यावर जोक सुरू झाले आणि त्याच्याच गोटातला जेम्स कार्व्हिल म्हणाला की ट्रेलर पार्कातून शंभराची नोट फिरवली की काय वाटेल ते मिळतं. गरिबांची वस्ती ती. शिकलेल्या, शहरी, पुरोगामी लोकांनी हे चालवून घेतलं. शेवटी नोव्हेंबर १९९८ ला त्यानं साडेआठ लाख डॉलर देऊन केस मिटवली, माफी न मागता.

आणि गंमत बघ, या केसमध्ये दुसऱ्या बायकांबद्दलही, म्हणजे मोनिकाबद्दलही, प्रश्न विचारायला कोर्टानं परवानगी दिली, ती ज्या बदललेल्या नियमांमुळे सोपी झाली त्या कायद्यावर १९९४ साली सही कोणाची? क्लिंटनचीच.

प्रश्न : हिलरीनं त्याला सोडलं का नाही? (तीन पत्रं, तिन्ही पुरुषांची)

उत्तर : तिचा संसार, तिला विचारा. हा प्रश्न मला अजून एकाही बाईनं विचारलेला नाही, बायकांना बहुतेक उत्तर माहीत असतं.

प्रश्न : पण मॅडम, हे सगळं रिपब्लिकन लोकांचं राजकारणच होतं ना? आता क्लिंटनला झोडपणारे त्यांनाच मदत करतायत असं नाही वाटत? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : राजकारण होतंच की, शंभर टक्के. न्यायनिवाडा करायला बसलेले पुरुष बघा जरा. रिपब्लिकन स्पीकर न्यूट गिंग्रिच, त्याचं स्वतःचंच त्या वेळी काँग्रेसमधल्या एका स्टाफ मेंबरशी प्रकरण चालू होतं, हे त्यानं २००७ मध्ये कबूल केलं. त्याच्या जागी येणार होता लिव्हिंग्स्टन, तर त्याचीही लफडी बाहेर आली आणि ज्या दिवशी क्लिंटनला पदावरून काढायच्या महाभियोगावर मतदान झालं, १९ डिसेंबर १९९८, त्याच दिवशी सभागृहात उभं राहून त्यानं माघार घेतली. महाभियोगाचं काम बघणाऱ्या समितीचा अध्यक्ष हेन्री हाइड, चाळिशीतल्या स्वतःच्या प्रकरणाला हा बाबा 'तरुणपणातली चूक' म्हणाला, चाळिशी म्हणजे तरुणपण हे वाचून मला मात्र बरं वाटलं. आणि त्यानंतर स्पीकर झालेला हॅस्टर्ट, तो तर २०१६ ला जेलमध्ये गेला, शाळेत कोच असताना मुलांवर केलेले अत्याचार दाबायला पैसे दिले त्या केसमध्ये.

पण शिकारी बदमाश निघाला म्हणून वाघ शाकाहारी ठरत नाही ना. सिनेटमध्ये १२ फेब्रुवारी १९९९ ला तो सुटला, ६७ मतं लागत होती, शपथेवर खोटं बोलल्याच्या आरोपावर ४५ पडली आणि न्यायाच्या कामात अडथळा आणल्याच्या आरोपावर ५०. महाभियोगाच्या त्या दिवसांत गॅलपच्या पोलमध्ये त्याची लोकप्रियता ७३ टक्के होती! लोक म्हणत होते खासगी गोष्ट आहे, इकॉनॉमी चांगली चाललीय. खासगी मग तिचं का नव्हतं? स्टारच्या चौकशीचा रिपोर्ट ११ सप्टेंबर १९९८ ला इंटरनेटवर आला आणि जगभर लोकांनी वाचला, त्यात तिच्या निळ्या ड्रेसवरच्या डागापर्यंत सगळं. नोव्हेंबर २०१७ ला कर्स्टन गिलिब्रँड या डेमोक्रॅट सिनेटरच म्हणाल्या की त्यानं राजीनामा द्यायला हवा होता, म्हणजे हे आता फक्त विरोधकांचं म्हणणं राहिलेलं नाही. आणि २०१८ ला टीव्हीवर त्याला विचारलं की तिची माफी मागितली का, तर म्हणे सगळ्यांसमोर मागितलीये की, आणि वर पत्रकारावरच चिडला.

प्रश्न : ताई, खरं सांगा, १९९८ ला तुम्ही काय म्हणत होतात? (ठाणे, नाव देत नाही)

उत्तर : हसत होते. मी तेव्हा एका ऑफिसात टायपिंगला होते, कामाच्या जागी बायकांच्या छळाबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या विशाखा निकालाला एक वर्ष झालेलं पण आमच्याकडे तक्रार समिती वगैरे शब्द कोणी ऐकलेला नव्हता. डिस्पॅचला वसईची एक मुलगी होती, नाव मोनिका. ती टपालाचं रजिस्टर घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघाली की अख्खा हॉल खाकरायचा, कोणीतरी म्हणायचं दार उघडं ठेव गं, आणि आम्ही बायकासुद्धा खाली मान घालून हसायचो, मी सगळ्यात जोरात. दिवाळीनंतर तिनं फोनवर नाव सांगणं सोडून दिलं. घंटा वाजली की उचलायची आणि म्हणायची, "डिस्पॅच बोलतोय."