एकदा मलेरिया झाला की शरीरात कायमची प्रतिकारशक्ती येते का?

नाही, कांजिण्यांसारखी येत नाही. फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन मांडतो. त्याच्याकडे या प्रथिनाची सुमारे 60 जनुकं असतात. शरीर एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करेपर्यंत तो दुसरं रूप धारण करतो. वारंवार लागण होत राहिली तरच थोडंफार संरक्षण मिळतं, तेही अर्धवट, आणि लागण थांबली की हळूहळू ओसरतं. म्हणून सांगलीहून गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कामाला जाणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते: तिथल्या मोठ्या माणसांच्या शरीराला थोडी सवय असते, आपल्याला जवळपास काहीच नसते.

थंडी-ताप येतो तो पेशी फुटून परजीवी रक्तात सांडतात तेव्हा, प्रतिकार पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे. बाधित पेशी गाळता गाळता पानथरीही सुजते.

व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीच्या परजीवीचं वेगळंच. तो यकृतात निपचित पडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. त्यासाठी डॉक्टर रक्त तपासून प्रायमाक्विन देतात, साधारण 14 दिवस. ताप उतरला म्हणून कृपा करून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.