तुमच्या लेकीचे पाच सेकंद आणि त्या मुलीचे तीन

प्रश्न: माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. 400 मीटर धावते. नववीत 71 सेकंद लागायचे, आता 66 वर आली. पण यंदा राज्य स्पर्धेत एक मुलगी वर्षभरात 64 वरून 61 वर आली आणि पहिला नंबर घेऊन गेली. तिचे रुंद खांदे, घोगरा आवाज बघून स्टँडमध्ये सगळे कुजबुजत होते, "कितें तरी घेता ती." आता जिममधल्या एकाने माझ्या मुलीलाही पावडरीचा डबा दिलाय, "सगळेच घेतात" म्हणून. अशा खेळात तिला राहू द्यावं, की धावणं बंद करून अभ्यासाला बसवावं? ता. क. "त्या पावडरीत नेमकं काय असतं?" असं तिने मला विचारलं. – एक आई, डिचोली

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या लेकीचे पाच सेकंद कमी झाले ते मेहनतीने, आणि त्या मुलीचे तीन कमी झाले ते औषधाने, असं तुम्ही धरून चालला आहात. रागावू नका, पण फूटपट्टी लावायची तर दोघींना एकच लावा.

आधी हे सेकंद कसे मोजले ते बघा. नववीतली वेळ शाळेच्या मातीच्या मैदानावर, हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेली असणार. मी स्वतः शालेय स्पर्धांत अंतिम रेषेपाशी घड्याळ धरून उभा राहिलोय. एकाच मुलाची वेळ तिघांच्या घड्याळात तीन तऱ्हेची यायची, मग मधली धरायची. पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबायचं असतं. आवाजाची वाट पाहिली की धावणाऱ्याला फुकटचा फायदा. म्हणून 400 मीटरच्या हातघड्याळाच्या वेळेत 0.14 सेकंद मिळवून मगच ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघतात. त्यात आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर चिखलात सराव करणारी मुलगी बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर उतरली, की काहीही न घेता वेगवान दिसते. शिवाय पंधरा-सोळाचं वय. या वयात तीन सेकंद कमी होणं ही काही पोलिसात देण्यासारखी गोष्ट नाही.

खांदे आणि आवाज यांचा तर विषयच काढू नका. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत शांती सौंदराजनचं 800 मीटरचं रौप्य काढून घेतलं, तेव्हा तिच्यावर औषधाचा आरोपही नव्हता. ती बाई आहे का, हे ठरवणाऱ्या शरीराच्या चाचणीवरून तिला घरी बसवलं. धावपटू द्युती चंदला 2014 मध्ये नैसर्गिक हार्मोन जास्त म्हणून थांबवलं; ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात गेली आणि 2015 मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. त्याच द्युतीवर 2023 मध्ये बंदी असलेल्या औषधासाठी चार वर्षांची बंदी आली. पहिल्या वेळी शरीराकडे बघून ठरवलं होतं, दुसऱ्या वेळी लघवीचा नमुना तपासून. स्टँडमधल्या लोकांकडे नमुना नसतो.

याचा अर्थ सगळं स्वच्छ आहे असा नाही. 2023 मध्ये भारतात 5606 नमुने तपासले, त्यातल्या 213 मध्ये बंदी असलेलं औषध सापडलं. इतक्या मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे, म्हणजे डोपिंग तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, लोक आलेत म्हटल्यावर पुरुषांच्या 100 मीटर फायनलला एकटाच धावपटू रेषेवर उभा होता. स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतली एक ज्युनियर मुलगी अंतिम रेषा ओलांडूनही थांबेना, अधिकारी तिच्यामागे धावत सुटले. तेव्हा तुमची शंका हवेतली नाही. फक्त ती एका ठरावीक मुलीवर टाकायला तुमच्याकडे काही नाही. उद्या कुणी डोळ्यांनी सिरिंज बघितली, तर नाडाकडे नाव न फोडता कळवता येतं. नुसती वेळ बघून नको.

आता तो डबा. पत्रात तुम्ही त्याला दीड ओळ दिलीत, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. नियम कडक आहे: अंगात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, डबा कुणी दिला हे नंतर. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 4×400 रिले जिंकणाऱ्या आपल्या मुलींपैकी काही जणी पुढच्याच वर्षी डोप टेस्टमध्ये दोषी आढळल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंग या ताकदीच्या मुळीच्या गोळ्यांमधून ते औषध अंगात आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. इथे एक वर्षाची बंदी झाली, आंतरराष्ट्रीय लवादाने ती दोन वर्षांची केली. पृथ्वी शॉ तर 2019 मध्ये साध्या खोकल्याच्या औषधावर अडकला. त्यातलं टर्ब्युटालिन आपल्या कितीतरी कफ सिरपमध्ये असतं आणि ते कायम बंदीच्या यादीत आहे.

म्हणून डबा परत करा आणि घरात एक वही घाला. कुठल्या तारखेला कुठली गोळी, कुठलं सिरप, कुणाच्या चिठ्ठीवर, सगळं लिहा. डोप टेस्टच्या फॉर्मवर आदल्या सात दिवसांतली औषधं विचारतात, तेव्हा आठवत बसायला नको. औषध घेण्याआधी नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' अ‍ॅपवर नाव टाकून बघा. आणि कधी टेस्टची वेळ आलीच तर घाबरू नका: नमुना देताना समोर बाईच असते, आणि मुलगी अठराच्या आतली असल्याने तिच्यासोबत घरच्या माणसाला जाता येतं.

धावणं बंद करू नका. 66 सेकंदांवर राष्ट्रीय पदक नाही, हे तिलाही कळतं. पण दोन-तीन वर्षं ती मजेत धावू शकते आणि अभ्यासही सांभाळू शकते. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला एक वेगळीच वाट दिसली. "त्या पावडरीत नेमकं काय असतं?" असं तिने तुम्हाला विचारलं, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. हा प्रश्न विचारणारी पोरं प्रयोगशाळेत रमतात. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत हेच काम चालतं, आणि ते रसायनशास्त्र शिकलेली माणसं करतात. पणजीचं फार्मसी कॉलेज आहे, ताळगावला विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे, आणि तुमच्यापासून फार लांब नाही असं फोंड्याजवळ कुर्टीला राष्ट्रीय न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञान विद्यापीठाचं केंद्र आहे. एखाद्या सुट्टीत तिला तिथे घेऊन जा, विषय कोणते आहेत ते तिलाच विचारू द्या.

तिने अकरावीला गणित घेतलंय की बायोलॉजी, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. ते कळवा, मग पुढचं बोलू.