‘औवा औवा’ ज्या गाण्यावरून आलं ते मूळ गाणं कुठलं, आणि त्यात एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंय की ‘डिस्को डान्सर’मधलं ‘औवा औवा कोई यहाँ नाचे’ इंग्रजी गाण्यावरून उचललंय असं मित्र म्हणतो, ते खरं का, आणि मूळ गाणं मुद्दाम शोधून ऐकावं इतकं चांगलं आहे का.

खरं आहे. मूळ गाणं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ (म्हणजे व्हिडिओने रेडिओच्या ताऱ्याला संपवलं), ते करणारे ‘द बगल्स’, साल १९७९. शोधून ऐकावं का, याचं उत्तर मात्र जरा लांबेल, कारण हे गाणं माझ्या आयुष्यात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा वेगळं होऊन आलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत असे. गणपती, नवरात्र, गावच्या जत्रा. ‘औवा औवा’ची फर्माईश हमखास यायची. कोरसच्या दोन मुली माइकला चिकटून उभ्या राहायच्या, ड्रमवाला चार मोजायचा आणि मंडपातली पोरं उठायची. आमच्या लेखी ते निव्वळ नाचाचं गाणं होतं. पुढे पुण्याला मावसभावाच्या खोलीवर एका भरलेल्या कॅसेटमध्ये मूळ गाणं ऐकलं. आधी पियानोचे संथ सूर आले, मग एका पुरुषाचा आवाज आला. बारीक, चेपलेला, ट्रंक कॉलवर लांबून कुणीतरी बोलावं तसा. थोड्या वेळाने बायकांचं ओळखीचं ‘औवा’ आलं तेव्हा मी दचकलो. चाल तीच होती, पण मधला माणूस दुःखात होता. इतकी वर्षं मी ही चाल वाजवली आणि तिच्यात दुःख आहे हे मला माहीतच नव्हतं.

गाणं तिघांनी मिळून रचलं: ट्रेव्हर हॉर्न, जेफ डाउन्स आणि ब्रूस वूली. १९७८ साली लंडनच्या विम्बल्डन पार्क भागात डाउन्स राहायचा, खाली थडग्यांचे दगड घडवणाऱ्याचं दुकान आणि वर त्याची खोली. तिथे एका दुपारी ते लिहून झालं. डोक्यात मात्र ते बरंच आधीपासून घोळत होतं. जे. जी. बॅलार्डची १९६० सालची ‘द साउंड-स्वीप’ नावाची कथा हॉर्नने वाचली होती. तिच्यातल्या जगात कानाला ऐकू न येणारं नवं संगीत आलंय आणि गाणाऱ्यांची गरजच संपलीय. एक मुका सफाईवाला घरांच्या भिंतींत साचून राहिलेले आवाज यंत्राने झाडून नेतो. त्याचा जीव जडतो तो एकेकाळी गाजलेल्या ऑपेरा गायिकेवर, जी आता एका बंद पडलेल्या रेडिओ केंद्रात राहते. ही कथा डोळ्यांसमोर ठेवून गाणं ऐका, म्हणजे ओसाड स्टुडिओत जुनी ध्वनिफीत ऐकत बसणारी माणसं त्यात कुठून आली ते कळेल. त्याच्या जोडीला जर्मनीच्या ‘क्राफ्टवेर्क’चं यंत्रासारखं, ठाशीव संगीत. ‘न्यू वेव्ह’ म्हणतात त्या काळात तऱ्हेवाईक गाणी पुष्कळ झाली, पण एवढी माया असलेलं तऱ्हेवाईक गाणं माझ्या ऐकण्यात दुसरं नाही.

गाणं सुरू होतं ते १९५२ सालच्या आठवणीने. लहानपणी रात्री जागून रेडिओवर तुला ऐकायचो, असं तो माणूस सांगतो. हॉर्नचा जन्म १९४९चा, म्हणजे तेव्हा तो तीन वर्षांचा. आपल्याकडे ते साल कसलं होतं आठवून बघा. पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर त्या वर्षी माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ गायब झाली, आणि अख्खा देश काटा फिरवून रेडिओ सिलोनकडे वळला. डिसेंबर १९५२मध्ये अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ तिथेच सुरू झाली. लंडनच्या त्या तिघांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण माझे वडील बुधवारी रात्री आठला रेडिओला कान लावून बसायचे. त्यामुळे त्या पहिल्या ओळीत मला आमचं घर दिसतं.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. हॉर्न आणि डाउन्स यांची ओळख झाली ती टीना चार्ल्स या गायिकेच्या साथीदारांत. तिचं ‘आय लव्ह टू लव्ह’ १९७६मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, आणि तिचे निर्माते होते बिड्डू. बेंगळुरूत जन्मलेले, कोडगू कुटुंबातले, तरुणपणी लंडनला गेलेले बिड्डू अप्पय्या. ‘आप जैसा कोई’ आणि ‘मेड इन इंडिया’ करणारे तेच. बिड्डूंचे ट्रॅक कसे बांधलेले असतात, ताल कसा आखीव असतो, याचा परिणाम बगल्सच्या सुरुवातीच्या कामावर झाला. म्हणजे बप्पी लाहिरींनी ही चाल लंडनहून मुंबईला आणली, तेव्हा तिच्या मूळ घडणीतही एका भारतीय माणसाचा हात थोडासा लागून गेलेला होता. चाल उचलणं योग्य नव्हतं, श्रेय द्यायला हवं होतं, हे माझं ठाम मत आहे. पण हा धागा कळल्यापासून मी दोन्ही गाणी शेजारीशेजारी ठेवून ऐकतो.

रेकॉर्डिंगबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते गाण्याचा जीव तिथे आहे. वूली मध्येच वेगळा झाला आणि त्याने आपल्या ‘कॅमेरा क्लब’ या बँडबरोबर हेच गाणं स्वतः रेकॉर्ड केलं (त्या बँडचा कीबोर्डवाला थॉमस डॉल्बी पुढे स्वतःच प्रसिद्ध झाला). ते ऐकायला मिळालं तर जरूर ऐका. चाल तीच, शब्द तेच, वाजवणारे तयारीचे, तरी ते एक चांगलं रॉक गाणं होऊन राहतं. हॉर्नने पुढे जे केलं ते त्यात नाही.

हॉर्न आणि डाउन्स यांनी वाद्यांचा भाग लंडनच्या टाउन हाउस स्टुडिओत बारा तासांत उरकला. नंतर आवाज आणि मिक्सिंगसाठी (म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवण्यासाठी) ते सार्म ईस्ट स्टुडिओत गेले आणि तिथे दिवस मोजायचं सोडून दिलं. सगळं मिळून तीन महिन्यांहून जास्त काळ गेला. ड्रम यंत्रासारखे वाटतात, पण ते पॉल रॉबिन्सन नावाच्या माणसाने हाताने वाजवलेत. बेस गिटार हॉर्नची, कीबोर्ड डाउन्सचे. कोरसला डेबी डॉस आणि लिंडा जार्डिम, दोघींचा आवाज टोकदार आणि किंचित नाकातला, म्हणून तो पहिल्यांदा ऐकूनही कानात रुतून बसतो.

मिक्सिंगला होता गॅरी लँगन. त्या वेळी मिक्सरवरच्या जागा लक्षात ठेवणारा संगणक नव्हता. एक मिक्स करून उठलात की ते मोडलं, पुन्हा करायचं तर सगळे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, पहिल्यापासून लावायचे. तीन-चार दिवसांनी हॉर्न यायचा आणि म्हणायचा, अजून जमलं नाही. असं चार-पाच वेळा झालं. त्याला बेस ड्रम हवा होता अगदी कोरडा आणि अगदी पुढे, गाणं हास्यास्पद होणार नाही इतपतच मागे धरलेला. ज्यांनी स्टेजवर कधी आवाज लावलाय त्यांना हे कळेल. बेस ड्रम एवढा वर काढला की गाणारा खाली जातो. मग गाणाऱ्याला जागा कुठे द्यायची?

तर त्यांनी गाणाऱ्याचा आवाज जुना करून टाकला. आधी हॉर्नला भोंग्यातून गायला लावून पाहिलं, ते कानाला फार टोचलं. मग त्याच्या आवाजाचा वरचा-खालचा भाग छाटला, तो दाबून घट्ट केला आणि व्हॉक्स कंपनीच्या एसी-थर्टी या गिटारच्या अँपमधून बाहेर काढला. ट्रंक कॉलसारखा वाटला तो हाच आवाज. आता एका बाजूला हा रेडिओतून आल्यासारखा पातळ माणूस, दुसऱ्या बाजूला चकचकीत, नव्या जमान्याचा बायकांचा कोरस, आणि खालून तो प्रचंड बेस ड्रम. शब्द न कळताही कोण हरतंय ते ऐकू येतं. यंत्रांनी गाणाऱ्याची जागा घेतली हे सांगायला दोन माणसं महिनोन्‌महिने यंत्रांशी झटत बसली होती, आणि तो लळा तुम्हाला प्रत्येक सेकंदात जाणवतो.

सप्टेंबर १९७९मध्ये गाणं बाहेर आलं, ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ऑस्ट्रेलियातही पहिलं. अमेरिकेत मात्र चाळिसाव्या क्रमांकाच्या पुढे सरकलं नाही.

त्याचा व्हिडिओ रसेल मल्केही या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने केला. रेडिओसमोर बसलेली लहान मुलगी, काचेच्या नळीत तरंगणारी बाई, फुटणारे टीव्ही. त्यात काळ्या कपड्यांत कीबोर्डजवळ एक तरुण थोडा वेळ दिसतो. तो हान्स झिमर. हो, ‘लायन किंग’ला संगीत देणारा. १ ऑगस्ट १९८१ला मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी सुरू झाली, आणि पहिलं गाणं म्हणून हेच लावलं गेलं. तेव्हा ती वाहिनी मोजक्याच केबलवर दिसत होती. वाहिनीच्या लोकांनाच ती बघायला न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जमावं लागलं. या प्रसंगामुळे गाणं अजरामर झालं आणि माझ्या मते त्याचा अर्थ त्याच रात्री उलटा झाला. विजेत्याने हरलेल्याचा शोक स्वतःच्या दारावर तोरणासारखा लावला. तेव्हापासून लोक ते व्हिडिओचं विजयगीत समजून ऐकतात. २७ फेब्रुवारी २०००ला एमटीव्हीने आपला दहा लाखावा व्हिडिओ म्हणूनही पुन्हा हेच दाखवलं.

हे मला एवढं लागतं त्याला कारण आहे. नव्वदच्या आसपास आमच्या भागातली मंडळं गणपतीत रात्री ‘व्हिडिओ’ आणायला लागली. भाड्याचा रंगीत टीव्ही, व्हीसीआर, आणि पहाटेपर्यंत दोन-तीन पिक्चर. आमच्या एका सुपारीच्या पैशांत त्यांचे तीन-चार दिवस निघायचे. एका वर्षी पंधरा सुपाऱ्यांच्या सहा झाल्या, पुढच्या वर्षी दोन. कोरसच्या मुलींपैकी एक शिवणकाम करायला लागली, ड्रमवाला बँडबाजात गेला. एका गावात आमचा कार्यक्रम ठरून मोडला, तेव्हा सामान परत भरताना पलीकडच्या चौकात पडद्यासमोर बसलेली गर्दी दिसत होती. आत ‘डिस्को डान्सर’ चालू होता. पुण्याच्या त्या खोलीत मी मूळ गाणं ऐकलं ते याच्यानंतर दोन महिन्यांनी. त्याचे शब्द मला कुणी समजावून सांगावे लागले नाहीत.

त्या दोघांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९८०मध्ये ते चक्क ‘येस’ या बड्या बँडमध्ये सामील झाले आणि ‘ड्रामा’ हा अल्बम केला. डाउन्स नंतर ‘एशिया’मध्ये गेला. हॉर्न गाणं बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या गाण्यांचा निर्माता झाला: ‘एबीसी’ आणि ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ हे बँड, गायक सील. ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश गाण्यांचा जो भव्य, झगझगीत आवाज आपल्या कानात आहे, त्यातला मोठा वाटा त्याचा. २००९मध्ये रॉबी विल्यम्सने हॉर्नकडून अल्बम करून घेतला आणि नाव ठेवलं ‘रिअॅलिटी किल्ड द व्हिडिओ स्टार’. २०१०मध्ये विल.आय.अॅम आणि निकी मिनाज यांनी ‘चेक इट आउट’मध्ये तोच ‘औवा’ वापरला. बप्पीदांनी १९८२मध्ये जे घेतलं, नेमकं तेच त्यांनी अठ्ठावीस वर्षांनी घेतलं. कोरस सगळ्यांना हवा असतो. तो टेलिफोनवरचा माणूस कुणीच नेत नाही.

‘डिस्को डान्सर’ सोव्हिएत रशियातही तुफान चालला, तेव्हा तिथल्या कितीतरी लोकांनी ही चाल पहिल्यांदा उषा उत्थुप यांच्याच आवाजात ऐकली असेल. त्यांच्या गाण्याला मी कमी लेखत नाही. तो भरदार आवाज त्या गाण्यात जे करतो ते मूळ गाण्यातल्या कुणालाच जमलं नसतं.

तेव्हा हेडफोन लावून आधी मूळ ऐका. शक्यतो ‘द एज ऑफ प्लास्टिक’ या अल्बममधलं लांब रूप घ्या. त्यात शेवटी सगळी यंत्रं थांबतात आणि एकटा पियानो उरतो. मग लगेच ‘औवा औवा’ लावा. आणि उषाताईंचा आवाज सुरू झाला की एवढं ध्यानात असू द्या: त्या मुंबईत वाढल्या, आणि पहिल्यांदा लोकांसमोर गायल्या त्या नऊ वर्षांच्या असताना, अमीन सयानींचे थोरले भाऊ हमीद सयानी यांच्यामुळे, रेडिओ सिलोनच्या ‘ओव्हल्टीन म्युझिक अवर’वर.