लंडन-एडिनबरा फर्स्ट क्लासने, पण स्वस्तात

प्रश्न: आम्ही दोघं साठीच्या पुढचे, लेकीकडे लंडनला चाललोय, तिथून एडिनबराला ट्रेनने जायचंय. फर्स्ट क्लास परवडेल का? आणि आत काय मिळतं?

उत्तर: काकू, परवडेल, फक्त आयत्या वेळी स्टेशनवर तिकीट काढू नका, तेव्हा दर डोळे पांढरे करणारा असतो. 'ॲडव्हान्स' तिकिटं साधारण 12 आठवडे आधी निघतात, ती निघाली की लगेच बघा, आणि सीनियर रेलकार्ड घ्याच, 60 वर्षांवरच्या कुणालाही मिळतं, ब्रिटिश असायची अट नाही, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट, फर्स्ट क्लासवरसुद्धा. दुसरा मार्ग म्हणजे स्टँडर्डचं, म्हणजे साध्या वर्गाचं, तिकीट काढून सीटफ्रॉग ॲपवर अपग्रेडसाठी बोली लावायची, पण त्यात सीट मिळेलच असं नाही, त्यामुळे तुम्हाला मी पहिलाच सांगेन. एक मात्र लक्षात ठेवा, ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीला चालतं, ती चुकली तर गेलं.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून निघणाऱ्या एलएनईआर या रेल्वे कंपनीच्या गाडीत फर्स्ट क्लासला एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एकच सीट, त्यामुळे ऐसपैस वाटतं. चहा-कॉफी, खाणं जागेवर आणून देतात, वेगळे पैसे नाहीत, व्हेज पण असतं. आपल्या फर्स्ट एसीसारखे बर्थ, पांघरुणं मात्र नाहीत हं, नुसत्या खुर्च्या. जाताना उजवीकडची खिडकी घ्या, न्यूकॅसलनंतर समुद्र अगदी रुळांजवळ येतो.