जलरंगातली ‘स्वतःची शैली’ नेमकी कुठे असते?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: दोन वर्षे तुम्ही जलरंग नियमितपणे शिकत आहात, हात बऱ्यापैकी बसला आहे, परंतु प्रत्येक चित्र त्या आठवड्यात ज्या चित्रकाराचे प्रात्यक्षिक पाहिले त्याच्यासारखे दिसते. म्हणून इतरांच्या चित्रांच्या प्रतिकृती करणे थांबवावे काय, शैलीचा विचार तंत्र पक्के होईपर्यंत पुढे ढकलावा काय, आणि येत्या सामूहिक प्रदर्शनात ही एकमेकांशी न जुळणारी चित्रे ठेवावीत काय, असे तुम्ही विचारले आहे. मी या माध्यमात २२ वर्षे काम करत आहे आणि त्यांपैकी पहिली पाच वर्षे याच गोंधळात गेली, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

‘आधी तंत्र, मग शैली’ ही विभागणी इतर माध्यमांत कदाचित चालत असेल. जलरंगात ती मला पटत नाही. तैलरंगात चुकलेला भाग खरवडून किंवा झाकून पुन्हा रंगवता येतो, त्यामुळे चित्र कसे घडत गेले याच्या खुणा पुसता येतात. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद, खालचा थर वरच्या थरातून दिसतच राहतो आणि तुमचा कुंचला कागदावर केव्हा टेकला व केव्हा उचलला गेला हे चित्र पाहणाऱ्याला वाचता येते. पाणी किती घ्यायचे, कोणती कडा विरघळू द्यायची आणि कोणती धारदार ठेवायची, कुठे दुसरा थर द्यायचा आणि कुठे पहिल्याच थरावर थांबायचे, हे निर्णय तुम्ही ‘तंत्र’ या नावाखाली शिकता. माझ्या मते शैलीचा बहुतांश भाग याच निर्णयांत असतो. विषय, रचना, रंगांची आवड या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण जलरंगात त्या ओलाव्यावरच्या पकडीतूनच उमटतात.

या ओलाव्याबद्दल थोडे थांबून बोलू, कारण उसनी शैली उसनी का वाटते याचे उत्तर तिथे आहे. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा पसरट थर, दिल्यानंतर कागद काही अवस्थांतून जातो. आधी पाणी साचलेले असते. मग ते मुरून पृष्ठभागावर सारखी चमक राहते. नंतर चमक हळूहळू मावळते, पण कागद आतून ओला असतो. आणि शेवटी तो हाताला गार लागत नाही इतका वाळतो. चमक असताना टाकलेला रंग दूरवर पसरतो. चमक मावळत असताना टाकलेला घट्ट रंग जागेवर राहतो आणि त्याची कडा तेवढी मऊ होते. मात्र त्याच क्षणी कागदातल्या ओलाव्यापेक्षा अधिक पाणी असलेला कुंचला टेकला, तर ते पाणी आधीचे रंगद्रव्य बाहेर ढकलते आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग पडतो. प्रात्यक्षिक पाहताना आपल्याला कुंचल्याची हालचाल दिसते, रंगांची नावे ऐकू येतात. पण त्या चित्रकाराने कोणत्या क्षणाची वाट पाहिली हे सहसा लक्षात येत नाही. आपण परिणामाची नक्कल करतो आणि वाट पाहण्याची नक्कल करायची राहून जाते. माझा अनुभव असा की प्रत्येकाची वाट पाहण्याची सवय वेगळी असते. मी उतावळा आहे. माझ्या चित्रांत कडा विरघळलेल्या असतात, आणि पूर्ण वाळलेल्या थरांवर थर चढवत काम करणाऱ्या चित्रकारांची पद्धत मी कितीही वेळा गिरवली तरी ती माझ्या हातात टिकली नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी एका प्रदर्शनात एका प्रेक्षकाने माझे चित्र माझ्या शिक्षकांचे समजून त्याची मनापासून स्तुती केली. मला आनंद झाला, आणि घरी परतेपर्यंत तो आनंद पार उतरला. त्यानंतर मी प्रतिकृती करणे पूर्ण थांबवले आणि वर्षभर ‘स्वतंत्र’ चित्रे काढण्याचा हट्ट धरला. ते वर्ष वाया गेले असे आज स्पष्टपणे म्हणतो. कोणाचेही चित्र समोर न ठेवता मी ज्या क्लृप्त्या पाठ झाल्या होत्या त्याच वापरत राहिलो. शिक्षकांचा प्रभाव कमी झाला नाही, फक्त त्यातली ताकद गेली.

म्हणून प्रतिकृती थांबवू नका, फक्त ती करण्याची पद्धत बदला. टर्नर आणि टॉमस गर्टिन हे दोघेही इंग्रज जलरंग चित्रकार १७७५ साली जन्मले आणि विशीच्या आसपास असताना लंडनमध्ये चित्रसंग्राहक डॉ. मन्रो यांच्या घरी संध्याकाळी बसून आधीच्या पिढीतले निसर्गचित्रकार जॉन रॉबर्ट कझन्स यांच्या चित्रांच्या प्रतिकृती करत असत. गर्टिन बाह्यरेषा काढत असे आणि टर्नर त्यावर वॉश देत असे. दोघांनी एकाच मूळ चित्रकाराची नक्कल केली, तीही कधी एकाच कागदावर. तरी १८०२ मध्ये अकाली मृत्यू येण्यापूर्वी गर्टिन जिथे पोहोचला ती जागा टर्नरच्या जागेहून अगदी निराळी आहे. गर्टिनने खरखरीत, किंचित पिवळसर कार्ट्रिज कागद पसंत केला आणि त्यावर शांत, सपाट, उबदार वॉश दिले. त्याच्या १८०० सालच्या चेल्सी येथील पांढऱ्या घराच्या चित्रात ते छोटे घर भोवतालच्या मावळत्या प्रकाशात एकटे उजळते. टर्नर मात्र रंग धुऊन काढत असे, पुसत असे, कागद खरवडून प्रकाश बाहेर काढत असे. प्रतिकृती दोघांसाठी सारखी होती, कागदाशी असलेले नाते सारखे नव्हते. तुम्हीही एखादे चित्र उतरवताना त्याचा विषय सोडून द्या आणि एकच गोष्ट तपासा: त्यातल्या मऊ कडा किती, धारदार कडा किती, आणि त्या कुठे आहेत. मग त्याच कडांचे प्रमाण ठेवून तुमच्यासमोरची एखादी साधी वस्तू रंगवा. जे जमत नाही, जे कंटाळवाणे वाटते आणि जे करताना वेळेचे भान राहत नाही, ते लिहून ठेवा.

दुसरी सूचना साहित्याची आहे, आणि ती बहुतेकांना आवडत नाही. निदान सहा महिने कागद आणि रंग बदलू नका. कागद बदलला की वाळण्याचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की तुमचा अंदाज पुन्हा शून्यावर येतो; मग चित्रातला फरक तुमच्या निवडीमुळे आला की कागदामुळे, हे कळण्याचा मार्गच राहत नाही. १०० टक्के कॉटनचा, ३०० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत पृष्ठभागाचा कागद घ्या. तो लगद्याच्या स्वस्त कागदापेक्षा ओलावा अधिक वेळ आणि अधिक सारखेपणाने धरतो, आणि रंग उचलताना, म्हणजे ओल्या कुंचल्याने बसलेला रंग काढून घेताना, त्याचे तंतू सहसा निघत नाहीत. मोठा ताव परवडत नसेल तर त्याचे आठ तुकडे करा, पण कागद तोच ठेवा. रंग सहा पुरेत, मात्र त्यांचा स्वभाव ओळखून निवडा. अल्ट्रामरीन निळा दाणेदार बसतो. थॅलो निळा कागदाच्या तंतूंना असा धरतो की नंतर उचलताना पूर्ण निघत नाही. ट्यूबवरचे रंगद्रव्याचे क्रमांक वाचण्याची सवय लावा: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, आणि पीआर ८३ म्हणजे मूळचा अलिझरीन क्रिमझन, जो प्रकाशात फिका पडतो, म्हणून प्रदर्शनासाठीच्या चित्रांत तो टाळावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोघांच्याच मिश्रणाने गार करड्यापासून उबदार काळपटापर्यंत केवढा पल्ला गाठता येतो हे एक महिना करून पाहा. तयार काळा आणि तयार करडा तोपर्यंत बाजूला ठेवा.

या मर्यादेत एकच विषय दहा-बारा वेळा रंगवा. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत तुम्ही पाहिलेले चित्रकार त्यात दिसतील. सातव्या-आठव्या वेळी विषयाचा कंटाळा येईल आणि तुम्ही काही गोष्टी न ठरवता गाळू लागाल. हे गाळणे फार बारकाईने पाहा. सगळी चित्रे तीन आठवडे दृष्टीआड ठेवून मग जमिनीवर एकत्र मांडा आणि सर्वांत समान काय आहे ते शोधा. उत्तम चित्र कोणते, हा प्रश्न त्या दिवशी नको.

इथे एक सावधगिरी हवी. वारंवार दिसणारी प्रत्येक गोष्ट शैली नसते. काही निव्वळ उणिवा असतात. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, आणि धीर न झाल्यामुळे ज्याची सगळी चित्रे मध्यम छटांतच अडकली आहेत त्याने त्याला ‘माझी हळुवार शैली’ म्हणू नये. माझी कसोटी सोपी आहे: जे तुम्ही नेहमी करता त्याच्या उलट मुद्दाम करता येते काय? गडद सावली पहिल्याच फटक्यात टाकता येत असूनही तुम्ही ती टाळत असाल तर ती निवड आहे. टाकताच येत नसेल तर पुढचा महिना तिच्यासाठी राखून ठेवा.

राहिला प्रदर्शनाचा प्रश्न. मी तुमच्या जागी असतो तर दोन वर्षांतली निवडक चित्रे ठेवलीच नसती. वर सांगितलेल्या मालिकेतली पाच-सहा चित्रे, एकाच आकाराची, एकाच कागदावरची, अगदी एकाच विषयाची, शेजारी शेजारी लावली असती. ती मालिका प्रदर्शनापर्यंत पूर्ण होत नसेल तर या वेळी एकच चित्र द्या, आणि ते शक्यतो कोणत्याही प्रात्यक्षिकानंतरच्या आठवड्यातले नसावे.