वटवाघूळ पक्ष्यांत का नाही? प्राण्यांचे गट मुलीला कसे समजावू?

तुमची अडचण थोडक्यात अशी : मुलगी तिसरीत आहे, सस्तन, पक्षी, मासे, उभयचर, सरपटणारे ही नावं घडाघडा म्हणते, पण चित्रं समोर ठेवली की वटवाघूळ पक्ष्यांत टाकते, देवमासा माशांत आणि बी निर्जीवांत. पाठांतर वाढवावं का, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात नको. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आणि ही तीन उत्तरं मला दरवर्षी मिळतात. हुशार मुलांकडून जरा जास्तच.

तुम्ही विचारता, हा प्राणी कुठल्या गटातला? ती उत्तर देते तो काय करतो आणि कुठे राहतो याचं. उडतो ना, मग पक्षी. पाण्यात असतो ना, मग मासा. तिच्या परीने हे तर्काला धरूनच आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1735 साली आपली सजीवांची वर्गवारी पहिल्यांदा छापली, तेव्हा त्यानेही देवमासे माशांतच ठेवले होते. 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ते सस्तन प्राण्यांत हलवले. गंमत म्हणजे डॉल्फिन हवेत श्वास घेतात आणि पिल्लांना दूध पाजतात हे ॲरिस्टॉटलने त्याच्या दोन हजार वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. तेव्हा तिसरीतल्या मुलीला थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

चित्रं पुन्हा काढा, पण गटांची नावं सांगू नका. ‘तुला हवे तसे ढीग कर आणि प्रत्येक ढिगाचा नियम सांग,’ एवढंच म्हणा. ती उडणारे, पोहणारे, चालणारे असे ढीग करेल. करू द्या. मग बदक तिच्या हातात द्या. ते उडतं, पोहतं आणि चालतंही. कुठल्या ढिगात ठेवणार? पेंग्विन द्या, तो उडतच नाही. तिचा नियम तिच्याच हातून मोडला की नव्या नियमाची गरज तिला पटते. एरवी आपण सांगतो म्हणून ती मान डोलावते, इतकंच.

आता प्रश्न बदला. अंगावर काय आहे : केस, पिसं, खवले की ओलसर उघडी कातडी? श्वास कशाने घेतो? आई पिल्लांना दूध पाजते का? वटवाघळाच्या अंगावर केस आहेत, पीस मात्र शोधूनही सापडणार नाही. पंख म्हणजे लांबलचक बोटांच्या हाडांमध्ये ताणलेली कातडी. हाताचा पंजा पसरून दाखवलात की लगेच कळतं. ‘पक्ष्यांना पंख असतात’ हे वाक्य मी वर्गात वापरणं बंद केलंय, कारण पंख फुलपाखरालाही असतात. पिसं मात्र आजच्या प्राण्यांत फक्त पक्ष्यांना असतात.

देवमाशासाठी एखादा व्हिडिओ दाखवा आणि फक्त शेपटीकडे बघायला सांगा. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. धावणाऱ्या चित्त्याची पाठही अशीच वर-खाली वाकते. देवमाशाचे पूर्वज जमिनीवरचे चार पायांचे प्राणी होते, त्याची ही खूण. शिवाय त्याला कल्ले नसतात, श्वासासाठी वर यावंच लागतं. मुलांना ही शेपटीची गोष्ट फार आवडते आणि ती विसरत नाहीत.

‘सस्तन पिल्लांना जन्म देतात, बाकीचे अंडी घालतात’ हा शॉर्टकट मात्र टाळा. प्लॅटिपस हा ऑस्ट्रेलियातला सस्तन प्राणी अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो. उलट कित्येक शार्क आणि काही साप थेट पिल्लांना जन्म देतात. दूध आणि केस, या दोन खुणा पुरतात.

बेडूक आणि पाल यांचा घोळ लवकर सुटतो : एकाची कातडी ओलसर, दुसरीची कोरडी आणि खवल्यांची. त्यावर फार वेळ घालवू नका. त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट बघा. मुंगी, गांडूळ, कोळी आणि माणूस यांना ती प्राणी मानते का, हे विचारा. बरीच मुलं नाही म्हणतात. शाळेतले पाचही गट पाठीचा कणा असलेल्यांचे, त्यामुळे बाकीचे प्राणीच नाहीत असं त्यांना वाटू लागतं. प्रत्यक्षात सस्तन प्राण्यांच्या जाती साडेसहा हजारांच्या आसपास आहेत आणि आजवर नोंदवलेले भुंगेरेच जवळपास चार लाख! चित्रांच्या संचात वाघ-सिंह कमी करून थोडे किडे घालाच. कोळ्याचे पायही मोजू द्या. आठ भरले की तो कीटकांच्या सहा पायांच्या गटात बसत नाही हे तिचं तिलाच दिसेल.

आता बी. माझ्या मते सजीव-निर्जीव हा भाग प्राण्यांच्या गटांपेक्षा अवघड आहे, आणि आपण तो एका तासात उरकतो. लहान मुलं हलणाऱ्या गोष्टींना जिवंत मानतात, हे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1920 च्या दशकातच दाखवलं होतं. ढग जिवंत, नदी जिवंत, बी निश्चल म्हणून निर्जीव. इथे बोलून काही होत नाही, करून बघावं लागतं. एकाच प्रकारच्या थोड्या बिया घ्या, निम्म्या उकळून गार करा, मग दोन्ही वेगवेगळ्या ओल्या कापडांत ठेवा. काही दिवसांत न उकळलेल्यांना मोड येतील, उकळलेल्यांना येणार नाहीत. आधी त्या अगदी सारख्या दिसत होत्या, हे तिला आठवून द्या. जिवंत बी अगदी मंद श्वास घेत थांबलेलं असतं. इस्राएलमधल्या मसादा इथे सापडलेलं सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं खजुराचं बी 2005 साली रुजलं, हेही सांगा. उकळलेल्या बियांमुळे तिसरा ढीग आपोआप तयार होतो : पूर्वी जिवंत असलेले. लाकूड, वाळलेलं पान, लोकर त्यातच.

यावर ती विचारेल, मग आग? ती वाढते, पसरते, तिला हवा लागते, एका ज्योतीवरून दुसरी पेटते. हा प्रश्न आला तर खूश व्हा. सजीव पेशींचा बनलेला असतो, आगीत पेशी नसतात, एवढं उत्तर या वयाला पुरे. आणि अळंबी प्राणी की वनस्पती असं विचारलं, तर दोन्ही नाही म्हणून सांगा. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये सजीवांच्या पाच सृष्टींची, म्हणजे सर्वांत मोठ्या गटांची, मांडणी केली, त्यात बुरशी आणि अळंबीला स्वतंत्र जागा दिली.

परीक्षेपुरतं म्हणाल, तर पुस्तकातले पाच गट तसेच लिहू द्या. मगर पालीपेक्षा पक्ष्यांच्या जवळची आहे वगैरे वंशावळीचा गुंता तिच्यापुढे आत्ताच मांडायची गरज नाही. तुम्ही स्वतः मात्र जरूर वाचा.