कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा दावा बुडत नाही

तुमच्या भावाची ॲक्टिव्हा डोंबिवली स्टेशनबाहेरून गेली, पोलिसांत त्याच संध्याकाळी तक्रार दिली, पण विमा कंपनीला बारा दिवसांनी कळवलं, आणि आता 'विलंबाने सूचना' असं लिहून दावा फेटाळलाय. शिवाय चोर सापडला तर शिक्षा काय, हेही तुम्ही विचारलंय.

आधी पैशांचं. हे नकारपत्र गपचूप फाईलला लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या 2020 च्या निकालात हा वाद मिटवलाय. तिथे ट्रॅक्टर चोरीला गेला होता, एफआयआर त्याच दिवशी झाला होता आणि कंपनीला कळवायला 52 दिवस लागले होते. तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की पोलिसांत लगेच तक्रार असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही. तुमचे तर बाराच दिवस आहेत! तक्रारीत या निकालाचा उल्लेख नावासकट करा.

मात्र त्या संध्याकाळी पोलिसांनी नेमकं काय लिहून घेतलं ते पाहा. अनेकदा 'दोन दिवस आजूबाजूला शोधा' म्हणत साध्या अर्जावर शिक्का मारून पाठवतात. तो एफआयआर नव्हे. तरी तो कागद जपून ठेवा, तुम्ही त्याच दिवशी पोलिसांकडे गेलात याचा तो पुरावा आहे. स्टेशनच्या आवारात लोहमार्ग पोलीस की शहर पोलीस, हा वाद नेहमीचा. पण हद्द कुणाचीही असो, गुन्हा झिरो एफआयआर (हद्दीबाहेरच्या ठाण्यातही नोंदवून पुढे पाठवला जाणारा एफआयआर) म्हणून नोंदवून घ्यावाच लागतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. टाळाटाळ झाली तर पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा.

आता पॉलिसी उघडा. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, पण 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं संरक्षण, बहुधा एकाच वर्षाचं असतं. चोरीची भरपाई या दुसऱ्या भागातून मिळते. पाच वर्षांची तारीख बघून निर्धास्त राहिलेली कितीतरी माणसं इथे अडकतात, आणि मग कुठलाच निकाल कामी येत नाही. रक्कम मिळते ती आयडीव्हीइतकी, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या घटलेल्या किमतीइतकी, शोरूमच्या किमतीइतकी नाही.

कंपनी दोन्ही चाव्या मागेल. एक हरवली असेल तर खरं तेच लिहून द्या, बाजारातून नवी करून देऊ नका. चावी गाडीलाच राहिली असली तरी सगळं संपत नाही: 2023 च्या अशोक कुमार प्रकरणात चालक चावी ट्रकलाच ठेवून पत्ता विचारायला उतरला होता, तरी न्यायालयाने 75 टक्के रक्कम द्यायला लावली. तपास निष्फळ ठरला तर पोलीस न्यायालयात 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. कंपनी हा कागद मागते, त्यामुळे तपास अधिकाऱ्याकडे पाठपुरावा सोडू नका. गाडीवर कर्ज असेल तर हप्ते चालूच ठेवा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, दोन वर्षांच्या आत.

शिक्षेचं थोडक्यात. 1 जुलै 2024 नंतरची चोरी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 303(2): तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुन्हा दोषी ठरला तर किमान एक, कमाल पाच वर्षं सक्तमजुरी. चोरीचा माल आहे हे माहीत असून गाडी घेणाराही कलम 317 मध्ये अडकतो. गाडी सापडली आणि पैसे मिळालेले नसतील, तर न्यायालयात अर्ज करून ती सुपुर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवता येते. पैसे घेतल्यानंतर सापडली तर ती कंपनीची.

एफआयआरची तारीख आणि नकारपत्रातला मजकूर इथे टाका, पॉलिसी नंबर तेवढा झाका. तक्रारीचा मसुदा करून देतो.